सायन्स करून बी.ए.! माउंट होलिओकमधली जीवशास्त्राची चार वर्षं

पदवीच्या कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला त्याच रात्री मिरजेहून मामाचा फोन आला. "अगं, ह्यावर बॅचलर ऑफ आर्ट्स लिहिलंय. तू तर बायॉलॉजी करत होतीस ना?" करत होते. चार वर्षं माशा पाळल्या, त्यांच्या अळ्या सोलल्या, डीएनए काढला, तळ्यातलं पाणी भिंगाखाली घालून बघितलं, आणि पदवी मिळाली ती बी.ए. मामाची समजूत घालायला अर्धा तास लागला. त्यानंतर ओळखीच्या सात-आठ घरांतून फोन आले, कोणाची मुलगी अकरावीत, कोणाची बारावीत. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते.

कॉलेजचं नाव माउंट होलिओक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात साउथ हॅडली नावाचं छोटं गाव आहे, तिथे मेरी लायन या शिक्षिकेने १८३७ साली मुलींच्या शिक्षणासाठी ते सुरू केलं. आजही ते मुख्यतः मुलींचंच आहे. विद्यार्थिनी साधारण बावीसशे. जीवशास्त्रात पीएचडी करणारी मुलं तिथे नाहीत, मेडिकल कॉलेज नाही, हॉस्पिटल नाही. अशा कॉलेजला लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात, आणि त्या नावातल्या 'आर्ट्स'मुळे आपल्याकडे घोटाळा होतो. रसायनशास्त्र, गणित, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं एकाच छपराखाली शिकायचं, एका विषयात खोल जायचं आणि बाकीच्यांशी ओळख ठेवायची, असा त्याचा अर्थ. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत मला तोंडावर सांगितलं होतं, "ही युनिव्हर्सिटी नाही, कॉलेज आहे. नाव कोणाला माहीत नाही. रँकिंगमधलं काहीतरी घ्या." बाबांचा चेहरा उतरला. यादी बदलायला आम्ही तेव्हा जवळजवळ तयार झालो होतो.

नाव कोणाला माहीत नाही, हे पहिल्याच महिन्यात खोटं ठरलं, आणि तेही आईमुळे.

आई मिरजेत लेबर रूमला सिस्टर आहे, सव्वीस वर्षं झाली. बाळ जन्मलं की एका मिनिटाने आणि मग पाच मिनिटांनी केसपेपरवर 'अपगार' लिहायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पाच गोष्टी बघायच्या: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला ताण, नाकात नळी घातली तर बाळ तोंड वाकडं करतं का, आणि अंगाचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके शंभराच्या वर असले तर दोन. नर्सिंगला असताना आईला शिकवलं होतं की अपगार ही पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. तिनं पुढे कितीतरी मुलींना तसंच शिकवलं.

आणि इथे ओरिएंटेशनच्या आठवड्यात एक सीनियर मुलगी बोलता बोलता सांगून गेली, व्हर्जिनिया अपगार आपल्याच कॉलेजची. १९२९ साली प्राणिशास्त्र घेऊन पास झाली. पुढे डॉक्टर झाली. व्हायचं होतं सर्जन, पण बाईला कोण काम देणार म्हणून वरिष्ठांनी तिला भूलशास्त्राकडे वळवलं. तिथेच १९५२ साली तिनं ही गुणांची पद्धत बसवली आणि पुढच्या वर्षी छापली. आद्याक्षरांची जुळणी नंतर कोणीतरी पाठांतरासाठी केली. त्या रात्री आईला फोन लावला. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "म्हणजे अपगार बाई होती होय? आडनाव होतं ते?" दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या वॉर्डला सांगितलं. मी अजून सांगितलं की ही बाई स्वतःच्या हाताने व्हायोलिन, चेलो बनवायची, आणि एकदा तर टेलिफोन बूथमधली लाकडी फळी चांगली दिसली म्हणून तिनं ती व्हिओलासाठी उचलून आणली. सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर वाढलेल्या आईला हे सगळ्यात जास्त पटलं.

आता शिकवण्याबद्दल. मी बारावीला क्लास लावला होता, नीटची तयारी केली होती. पुस्तकातली ओळ न ओळ पाठ. तिथली पहिली लॅब क्लॅप नावाच्या इमारतीत झाली. आम्ही वीस जणी. कॉलेजच्या आवारात दोन तळी आहेत, त्यातल्या एकाचं पाणी आणलेलं. प्रत्येकीला एक थेंब, एक सूक्ष्मदर्शक, एक पेन्सिल आणि दोन तास. प्राध्यापिका माझ्याजवळ आल्या. "काय दिसतंय?" मी ताडकन सांगितलं: डॅफ्निया, संघ आर्थ्रोपोडा, उपसंघ क्रस्टेशिया. त्या म्हणाल्या, "ते त्याचं नाव झालं. तुला दिसतंय काय?" मला उत्तर आलं नाही. परत डोळा लावला. अर्ध्या तासानंतर हळूहळू दिसायला लागलं. एकच काळा डोळा, तो सारखा थरथरतोय. आतडं हिरवं, म्हणजे शेवाळ खाल्लेलं. पाठीवरच्या पिशवीत पिल्लं, आणि तीही हलताहेत. त्या दिवशी काढलेलं ते चित्र अजून माझ्याकडे आहे. वाकडंतिकडं आहे, पण त्यात पाठ केलेलं काही नाही.

ही पद्धत तिथे जुनी आहे. कॉर्नेलिया क्लॅप, जिच्या नावाची ती इमारत, ती १८७४ साली पेनिकीज नावाच्या बेटावर लुई अगासिझ यांनी काढलेल्या उन्हाळी शाळेत शिकायला गेली. निसर्ग वाचा, पुस्तकं नव्हे, हा त्या शाळेचा मंत्र. परत आली ती तोच मंत्र घेऊन. १८८८ साली वुड्स होलची समुद्री प्रयोगशाळा उघडली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात काम करायला ती तिथे हजर होती. १९१७ च्या डिसेंबरात कॉलेजची विल्स्टन नावाची जुनी इमारत जळाली आणि तिनं आयुष्यभर जमवलेले नमुने त्यात गेले. सात वर्षांनी नवी इमारत उभी राहिली, तिला क्लॅपचं नाव दिलं. त्याच इमारतीच्या जिन्यावरून मी चार वर्षं चढले-उतरले.

दुसऱ्या वर्षी एका प्राध्यापिकेच्या दारावर टकटक केली आणि विचारलं, लॅबमध्ये काम मिळेल का. त्यांनी विचारलं, "सकाळी लवकर उठता येतं का?" एवढाच इंटरव्ह्यू. लिबरल आर्ट्स कॉलेजची खरी किंमत मला इथे कळली. माझ्याबरोबर बारावी केलेली मैत्रीण अमेरिकेतल्याच एका मोठ्या विद्यापीठात होती. पहिल्या वर्षाच्या बायॉलॉजीच्या वर्गात चारशे मुलं, लॅब घेणार पीएचडीची मुलं, प्राध्यापक लांबून मंचावर दिसणार. तिथल्या संशोधनाचा आवाका प्रचंड, हे कबूल. पण त्या संशोधनाच्या रांगेत पदवीची मुलं शेवटी. आमच्याकडे रांगच नव्हती, कारण पीएचडीची मुलंच नाहीत. मशीन बिघडलं तर आम्ही बघायचं, प्रयोग आम्ही आखायचा, परिषदेत पोस्टर आम्ही लावायचं.

काम होतं ड्रोसोफिलावर, म्हणजे केळं पिकलं की स्वयंपाकघरात घोंघावतात त्या चिलटांवर. अंड्यापासून माशी व्हायला २५ अंश तापमानाला साधारण दहा दिवस लागतात. एक्डायसोन नावाचं संप्रेरक ठरावीक वेळी उसळतं, आणि त्या हुकमावर अळीच्या काही पेशी मरतात, काही नव्याने आकार घेतात. त्या पेशींना मरायची वेळ कशी कळते, हा आमच्या लॅबचा प्रश्न. अळी फिरायची थांबते, आखडते आणि पांढरी कोशपूर्व अवस्था सुरू होते. हा पांढरा रंग तासाभरातच तपकिरी होतो. म्हणून तो पांढरा क्षण म्हणजे आमच्या घड्याळातला शून्य. पांढऱ्या दिसल्या की ओल्या ब्रशने उचलायच्या, वेळ लिहायची आणि मोजायला लागायचं. दुपारी एकला उचललेल्या अळ्या दहा तासांच्या टप्प्यावर बघायच्या तर रात्री अकरा. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी आणि चिमटा.

माशांचं खाणं आम्हीच शिजवायचो: मक्याचं पीठ, यीस्ट, अगार आणि काकवी. पहिल्यांदा ते पातेलं उकळलं तेव्हा मी दारातच थांबले. गुऱ्हाळाचा वास! आमच्या शिरोळकडच्या आत्याच्या गावी माघात येतो तोच. परदेशात पहिल्या वर्षी घरची आठवण कशाने येईल सांगता येत नाही. मला ती चिलटांच्या जेवणाने आली.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. दोन स्टॉकच्या, म्हणजे माशांच्या दोन वेगळ्या वाणांच्या, बाटल्यांवरची लेबलं अदलाबदल झाली, आणि दोन महिने मी चुकीच्या माशांवर प्रयोग करत राहिले. आकडे जुळेनात म्हणून शोध घेतला तेव्हा कळलं. मी रडले. प्राध्यापिका रागावल्या नाहीत. त्यांनी माझी लॅबची वही उघडली आणि म्हणाल्या, "यातलं काहीही खोडायचं नाही. आजची तारीख घाल आणि काय झालं ते लिही." मग त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या, मी लिहीपर्यंत. सध्या बॉस्टनमध्ये एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून काम करते, तिथे माझ्या वहीचं कौतुक होतं तेव्हा मला ती दुपार आठवते.

मुख्य विषयाबाहेरचे कोर्स करावेच लागतात: मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, परकी भाषा. आपल्याकडे पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मलाही वाटत होता, म्हणून साथींच्या इतिहासाचा कोर्स मी नाइलाजाने घेतला. निबंधासाठी पुण्यातला १८९७ चा प्लेग निवडला. सावित्रीबाई फुले त्या साथीत गेल्या, १० मार्चला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या, हेही माहीत असतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रही त्याच सत्रात शिकत होते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि तारखा लावत गेले. प्लेगचा जंतू येर्सिनने हाँगकाँगमध्ये १८९४ साली शोधला. हाफकिनने मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. पण उंदरावरची पिसू हा जंतू माणसात आणते, हे सिमोंने कराचीत दाखवलं १८९८ साली, आणि लोकांनी ते मानायला आणखी काही वर्षं गेली.

म्हणजे सावित्रीबाईंनी ते मूल उचललं तेव्हा रोग अंगात शिरतो कसा, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की जवळ जाणारा मरतो. तरी त्या जवळ गेल्या. हे मी दहा वेळा वाचलं होतं, पण त्याचं वजन मला त्या रात्री लायब्ररीत जाणवलं. दुसऱ्या वहीत लिहिलं होतं की हा जंतू पिसूच्या पोटाच्या तोंडाशी चिकट थर धरून वाट बुजवतो. पिसू उपाशी राहते, म्हणून वेड्यासारखी चावत सुटते आणि दर चाव्याला जंतू बाहेर टाकते. इतिहासाच्या प्राध्यापिकेने निबंधाच्या समासात एकच प्रश्न लिहिला होता: घराघरांत घुसून झडती घेणारे शिपाई नेमकं काय शोधत होते, आणि त्यांना ते सापडलं असतं तर कळलं असतं का? पिसू त्यांच्याच कपड्यांवर असू शकली असती. रँडच्या त्या झडत्यांबद्दल आपण रागाने बोलतो आणि ते बरोबरच आहे, पण त्यामागचं अज्ञान किती खोल होतं हे मला जीवशास्त्राने समजावलं. आणि जीवशास्त्र माणसांच्या घरात शिरतं तेव्हा काय होतं, हे इतिहासाने. या एका निबंधासाठीसुद्धा मी परत तिथे जाईन.

परीक्षा हा वेगळाच अनुभव. शेवटच्या परीक्षांच्या आठवड्यात कोणता पेपर कधी द्यायचा ते बहुतेक विषयांत आपणच ठरवायचं. जायचं, आपला पेपर घ्यायचा, खोलीत बसायचं, लिहून परत द्यायचा. पर्यवेक्षक नाही. कॉलेजात आल्यावर सचोटीची शपथ घेतलेली असते, तेवढ्यावर सगळं चालतं. बोर्डाच्या परीक्षेला भरारी पथकाच्या भीतीने पाणी प्यायलाही न उठलेली मी, पहिल्या पेपरला सवयीने मान वर करून बघत होते. खोलीत पाच जणी होत्या, पाच वेगवेगळे विषय, सगळ्या खाली मान घालून लिहीत होत्या. तो विश्वास फार हलका करून सोडतो माणसाला.

जेवण, हॉस्टेल, थंडी यांबद्दल फार लिहीत नाही. थंडी आहे, जाड बूट घ्या. नव्या मुलींना कॉलेजच्या काचघरातून एक रोप मिळतं. माझं मनीप्लांट होतं, ते आता बॉस्टनच्या खिडकीत आहे.

आता जे फोनवर सगळ्यात आधी विचारतात ते. डॉक्टर होता येतं का? नीट समजून घ्या. अमेरिकेत प्री-मेड नावाची पदवी नसते. जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र असे ठरावीक कोर्स पदवीच्या काळात करायचे, मग एमकॅटची परीक्षा, मग मेडिकल कॉलेजला अर्ज. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल कॉलेजं तिथे थोडी आहेत, आणि त्यांतली काही पुढच्या वर्षांची फी आगाऊ बाजूला ठेवायला सांगतात. भारतात परत येऊन एमबीबीएस करायचं तर नीटला पर्याय नाही, ही पदवी तिथे उपयोगी पडत नाही. माझ्या वर्गातल्या एका परदेशी मुलीला हे तिसऱ्या वर्षी कळलं. मुलीला डॉक्टरच व्हायचं असेल तर या वाटेने पाठवू नका, कोणीही कितीही गोड बोललं तरी.

संशोधनात जायचं असेल तर गोष्ट वेगळी. जीवशास्त्राच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर बारा महिने आणि वाढवून आणखी चोवीस महिने काम करता येतं. लॅबमध्ये दोन वर्षं काढून पीएचडीला जाण्याची वाट मळलेली आहे, आणि तिथल्या जैववैद्यकीय पीएचडीत फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळतं.

छोट्या कॉलेजच्या मर्यादाही खऱ्या आहेत. प्रगत कोर्स थोडे, आणि त्यांतले काही दर वर्षी नसतात. विषाणूशास्त्र शिकायला मी एक सत्र बसने ॲमहर्स्टच्या विद्यापीठात जात होते. आजूबाजूच्या पाच संस्थांचा करार आहे, एका कॉलेजात राहून दुसरीकडे कोर्स करता येतो. बससाठी जादा पैसे नाहीत, पण हिवाळ्यातली संध्याकाळची फेरी चुकली तर बराच वेळ थंडीत उभं राहावं लागतं. पहिल्या वर्षीच बसचं वेळापत्रक बघून कोर्स निवडा.

पैसे. फी, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे. ही रक्कम वाचून आमच्या घरी कोणी दोन दिवस बोललं नाही. मी गेले ती मदत मिळाली म्हणून. सिस्टरचा आणि शाळेतल्या क्लार्कचा पगार दाखवून अर्ज केला होता. अशी बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत प्रवेश देतानाच पैशांची गरजही बघतात, म्हणजे जितकी मदत जास्त मागाल तितका प्रवेश अवघड. तरीही खोटं लिहू नका, कमी मागू नका. एकदा गेल्यावर मधेच मदत वाढवून मागणं फार कठीण असतं. आणि मदत मिळाली नाही तर घर गहाण टाकून जाऊ नका. हे मी तिथे चार वर्षं आनंदात काढल्यावरही म्हणते.

पदवीदान मे महिन्यात झालं. आई आली होती, बाबांना रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी तिथे एक मिरवणूक निघते. पास होणाऱ्या मुली पांढरे कपडे घालतात, हिरव्या पानांची लांबच लांब माळ खांद्यावर घेऊन चालतात आणि मेरी लायनच्या समाधीच्या कठड्याला ती माळ गुंडाळतात. जुन्या विद्यार्थिनीही पांढऱ्यात येतात, काही नव्वदीच्या. आईला वाटलं होतं, शुभ दिवशी पांढरं कसं नेसायचं. मग म्हणाली, "माझा युनिफॉर्म सव्वीस वर्षं पांढराच आहे की." आणि बॅगेतली मोतिया रंगाची साडी काढली.

संध्याकाळी तिला लॅब दाखवायला नेलं. लॅब रिकामी होती. एका बाटलीच्या काचेवर नुकतीच थांबलेली पांढरी अळी दिसली, ती ब्रशने उचलून भिंगाखाली ठेवली. या अवस्थेत कातडी इतकी पारदर्शक असते की पाठीतून जाणारं हृदय आत धडधडताना दिसतं. आईने चष्मा कपाळावर सारला, डोळा लावला आणि काही बोलली नाही. मग तिचा डावा हात वर आला, मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसेल असा. ओठ हलत होते. मी गप्प उभी राहिले. मिनिट झाल्यावर तिनं मान वर केली.

"शंभराच्या वर आहेत," ती म्हणाली. "दोन गुण."